एका दोरीवर तीन जावा

कुंडलिकचा खांदा मोडला तो मासे मारताना नव्हे, ऊस ओढताना.

वय त्रेसष्ट. श्रीपूरच्या कारखान्याकडं निघालेली ट्रॉली वस्तीजवळच्या चढाला आली की दमानं चालते. तेवढ्यात मागनं एखादा ऊस उपसून घ्यायचा, ही खरं तर शाळेतल्या पोरांची खोड. कुंडलिकनं ऊस धरला. ऊस काही सुटला नाही, कुंडलिकनंही सोडला नाही. दहा-बारा पावलं ट्रॉलीमागं फरफटत गेला आणि चारीत उताणा पडला. शेळीसाठी ओढत होतो, असं तो अजून सांगतो. त्याची बायको दगडाबाई म्हणते, "शेळीचं नाव कशाला खराब करताय? तोंडात चार दात ऱ्हायल्यात, त्यांना ऊस खायाचा हुता."

प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण उजवा हात छातीच्या वर जाईना. टोपी घालायची तर ती खाटेवर ठेवून तिच्यात डोकं घालावं लागायचं. दुसऱ्या कुणाचं एवढ्यानं फार अडलं नसतं. कुंडलिकचं सगळंच अडलं, कारण तो जाळं फेकणारा माणूस.

माढा तालुक्याच्या कडेला उजनी धरणाचा फुगवटा पसरलाय, तिथं चाळीस वर्षं त्यानं जाळं फेकलं. होडीच्या टोकाला उभा राहायचा, जाळ्याचा एक पदर दातात, एक कोपरावर, आणि कंबरेतनं अशी गिरकी घ्यायचा की जाळं हवेत उघडून पाण्यावर भाकरी थापल्यागत गोल पडायचं. मागं वल्हं मारायला चुलतभाऊ. चुलतभावाबद्दल कुंडलिक कधी वाईट बोलला नाही, पण चांगलंही बोलला नाही. त्याचं मत ठरलेलं होतं: जाळं टाकणारा धनी, वल्हं मारणारा बैल. पुढं चुलतभाऊ जेसीबी चालवायला गेला, तेव्हाही कुंडलिक एवढंच म्हणाला, "बैल गेला, दुसरा बघू." दुसरा मिळायच्या आत खांदा गेला.

दिवाळीला महिना होता तेव्हा मुलाचा फोन आला. मुलगा गुरु सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहे, राहायला कुंभारीत.

"आबा, होडी बसप्पाला देऊन टाकू. पाडव्याला यिऊन घिऊन जाईल. तुमी दोघं हिकडं या. दोन खोल्या हायत, नळ हाय, रेश्मा बगंल की तुमाला."

"मला काय झालंय बगायला?"

"एक हात चालंना तुमचा. होडीतनं पडला तर प्वहणार कसं? आई काय काठावर बसून वरडणार?"

पोराचं चुकत नव्हतं, आणि कुंडलिकला राग आला तो त्याचाच. बसप्पा म्हणजे अक्कलकोटकडचा लिंगायत गडी, जन्मात मासळीला न शिवलेला. थंडीत फुगवट्यावर लांब तंगड्यांचे गुलाबी पक्षी उतरतात, ते लोकांना जवळून दाखवायला त्याला होडी पाहिजे होती.

फोन ठेवून कुंडलिक दगडाबाईला म्हणाला, "कुंभारीत जाऊन काय करू मी? बादलीत होडी सोडू?"

"न्हाणीत सोडा. जागा लई आसती म्हणं तितं."

पण पाडव्याच्या आत कुंडलिकनं होडीतनं मासा मारून दाखवला तर ठीक, नाहीतर होडी बसप्पाची आणि कुंडलिक नळाच्या पाण्याचा, हे तिलाही कळत होतं.

जाळं फेकणं संपलं होतं. मग त्याला कोपऱ्यातली काठी आठवली. दोन वर्षांमागं पुण्याचा एक हौशी साहेब त्याच्या होडीतनं फिरला होता. रीळ लावलेली परदेशी काठी, तिला तंगूस म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, तंगुसाच्या टोकाला चकाकणारा नकली मासा. होडी चालत राहायची, नकली मासा मागं मागं ओढत न्यायचा, आणि खरा मासा त्याला भुलून तोंड मारायचा. कुंडलिक तेव्हा मनात लई हसला होता. जाताना साहेबानं शेंडा तडकलेली एक काठी आणि डबीभर गळ, फिरक्या त्याला देऊन टाकल्या. त्या काठीनं दगडाबाई कोंबड्या हाकायची आणि चिंचा पाडायची.

"ह्यात हात वर करायचं कामच न्हाय," कुंडलिक म्हणाला. "दोरी मागं सोडायची आन बसायचं. मासा आपल्या पायानं येतोय."

"माशाला पाय आल्यावर सांगा," दगडाबाई म्हणाली, पण काठी पुसून दिली.

साहेबाचा नकली मासा एक होता आणि सकाळभर फिरून त्याला मासाही एकच मिळाला होता. कुंडलिकनं हिशेब केला तो सरळ: एका दोरीला तीन बांधायचे. दुकानातला नकली मासा त्याला पटेना, म्हणून स्वतःच बनवले. घरातला मोठा स्टीलचा डाव होता, त्याचा दांडा कापून पसरट वाटी घेतली, तिला भोक पाडून गळ अडकवला. तो सगळ्यात थोरला. मधला चहाच्या चमच्याचा. धाकटा म्हणजे कोंबड्याच्या शेपटीची दोन पिसं आणि पुतण्याच्या लग्नातल्या बाशिंगाची जर, गळाला गुंडाळलेली. डाव कापलेला बघून दगडाबाई तीन दिवस आमटी वाटीनं वाढत होती आणि प्रत्येक वाटीला बोलत होती.

तिन्ही ओळीनं खाटेवर मांडल्यावर ती म्हणाली, "तीन जावा दिसत्यात की. थोरली, मधली, धाकटी. एका दोरीवर नांदत्यात काय बघू."

तेव्हापासनं त्या जावाच झाल्या.

पहिल्या दिवशी कुंडलिक एकटाच गेला. काठी मांडीखाली दाबली, डाव्या हातानं एक वल्हं मारायला लागला. उजवा हात मेला, असं त्यानं गावभर सांगितलं होतं, आणि एकदा सांगितल्यावर तोही त्या हाताला मेलेलाच समजायचा. मांडीवर ठेवून द्यायचा. एका वल्ह्यानं होडी कुठं जाणार? ती गरागरा जागीच फिरली. दोरीचा पिळा झाला, आणि थोरल्या जावेचा गळ कुंडलिकच्या विजारीला मागनं लागला. काठावर धुणं धुणारी अंबुबाई ओरडली, "आवं दाजी, केवढा मोटा घावला!"

विजार शिवता शिवता दगडाबाई म्हणाली, "उद्यापास्नं मी येतीया वल्हं मारायला."

"आमच्या घरातली बाई होडीत बसत न्हाय. बाचा शब्द हाय."

"तुमच्या बाचा शब्द तुमच्या बासंगं गेला. तुमी बी जाणार हाय का त्या शब्दापायी?"

दगडाबाईच्या आधीची तीन लेकरं जगली नव्हती, म्हणून आईबापानं तिचं नाव दगडाबाई ठेवलं. दगडाला कोण नेतंय, हा हिशेब. ती जगली आणि नावाला जागली. एकदा बसली की हलवता येत नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती पदर खोचून होडीत जाऊन बसली, आणि कुंडलिकला काठावर उभं राहून बापाची माफी मागण्यापलीकडं काही करता आलं नाही.

आता धनी काठी धरून पुढं आणि बैल मागं, अशी पहिल्यासारखी मांडणी झाली. कुंडलिकला बरं वाटलं. पण मासा काही लागेना. दगडाबाईच्या दंडात जोर होता, हाताला वळण नव्हतं. ती वल्हं असं मारायची की होडी उडी मारायची, मग थांबायची, मग उडी मारायची. होडी थांबली की तिन्ही जावा खाली बुडायच्या, उडी मारली की एकमेकींच्या अंगावर जायच्या. वळताना तर विचारू नका. ओढून काढलं की दोरीचा, पिसांचा आणि चमच्यांचा एक गोळा हातात यायचा. अर्धी सकाळ फिरण्यात, अर्धी गुंता सोडवण्यात.

"भांडत्यात," दगडाबाई म्हणायची.

"बांधणीत न्हाय, वल्ह्यात खोट हाय."

"व्हय, वल्ह्यातच आसणार. वल्हं मी मारतीया न्हवं."

आठवडा असा गेला. खोट दोन्हीकडं होती, पण कुंडलिकची जरा जास्त, आणि ती त्याला दिसत नव्हती, कारण ती त्याच्या रीतीत होती. त्यानं थोरली होडीच्या सगळ्यात जवळ बांधली होती, तिच्यामागं मधली, शेवटाला धाकटी. थोरलीचा मान पुढं. लग्नात, पंगतीत, पाया पडायला, थोरलं माणूस पुढंच असतं. त्यानं दुसरा विचारच केला नव्हता. जड वाटी पुढं लोंबायची, आणि मागच्या दोघी हलक्या, वाऱ्यावरच्या पोरींसारख्या तिच्याभोवती गोल गोल फिरायच्या.

एका सकाळी गोळा सोडवत दोघं काठावर बसली होती. वरच्या बांधावरनं बाया खुरपायला चालल्या होत्या, एकामागं एक. दगडाबाई त्यांच्याकडं बघत राहिली.

"आवं, आमी तिघी जावा रानात जायचो, तवा थोरल्या आक्का कुटं चालायच्या?"

"मला काय म्हाईत? म्होरं आसतील. थोरल्या हुत्या."

"म्होरं न्हाय. मागं. डोक्यावर सगळ्यात जड पाटी त्यांच्या, आन त्या सगळ्यात मागं. मी धाकटी, म्होरं. आक्का म्होरं आसत्या तर आमी दोघी मागं बोरं खात, गप्पा हाणत, दुपारपतुर बांधावरच ऱ्हायलो आसतो. मागनं थोरलीची नजर आसली की म्होरच्या दोघी सरळ चालत्यात."

कुंडलिक गुंता सोडवायचा थांबला.

"मान म्होरं आसतोय," तो म्हणाला, पण आवाजात दम नव्हता.

"पंगतीत आसतोय. वाटंनं चालताना जड मानूस मागं लागतंय."

कुंडलिकनं दोरी उलटी बांधली. धाकटी होडीजवळ, मग मधली, शेवटाला थोरली. शेपटाला जड वाटी आल्याबरोबर दोरी ताठ राहिली. मग दगडाबाईनं आणखी एक सांगितलं. थोरली शेवटाच्या टोकाला, पण बाकी दोघींना त्यानं मोठ्या दोरीपासनं हात हातभर लांब फाट्यावर लोंबत सोडलं होतं. "येवडी सूट कुटल्या सुनंला देतंय का कोण? वीतभर ठिवा. आन येकीपास्नं दुसरी चार हात लांब. चुली येगळ्या पायजेत." त्यानं फाटे वीतभर केले, प्रत्येक फाट्याच्या बुडाला साहेबाची एकेक फिरकी बसवली, म्हणजे चमचा कितीही गरगरला तरी दोरीला पीळ बसू नये. तिनंही वल्ह्याचा हिसका सोडला, आणि वळताना बैलगाडी वळवल्यागत लांबून वळायला लागली.

त्या दिवशी एक चिलापी लागली. तळहाताएवढी. धाकटीला. कुंडलिकनं ती गावातनं हातात धरून नेली, पिशवीत घातली नाही.

पाडव्याला चार दिवस असताना गुरु आणि बसप्पा अचानक हजर झाले. सुट्टी आधी मिळाली, गुरु म्हणाला. खरं म्हणजे आई होडीत बसते हे अंबुबाईनं फोनवर त्याला सांगितलं होतं. तो चहासुद्धा न घेता बोलायला लागला.

"आबा, येक पडायचा त्या ऐवजी आता दोघं पडा. ह्ये शानपन कुनी शिकिवलं?"

"चल, बस होडीत," कुंडलिक म्हणाला. "बसप्पा, तू बी चल. होडी घ्यायची तर बसून बग."

"हौदु, व्हय व्हय, बसतो की," बसप्पा म्हणाला. "फकस्त मासा माज्याकडं टाकू नगा मामा. शिवाशपथ, मला बगवत न्हाय."

चौघं निघाली. दगडाबाई वल्ह्यावर, कुंडलिक काठी घेऊन टोकाला, मधे दोघं पाहुणे. ऊन कोवळं होतं, पाणी तव्यासारखं. बाभळी बुडालेल्या बाजूनं, पाणगवताच्या कडेकडेनं होडी चालली. कुंडलिकनं एकेक जाऊ मागं सोडली. थोरली आधी, मग मधली, मग धाकटी. अर्धा तास गेला. गुरु घड्याळाकडं बघायला लागला. बसप्पा पक्ष्यांकडं.

आणि काठी वाकली.

आधी धाकटीला लागलं, बारीक. शेंडा थरथरला. कुंडलिक म्हणाला, "चिलापी," आणि तोंड पुरतं मिटायच्या आत थोरलीवर असा हिसका बसला की काठी त्याच्या डाव्या हातातनं निम्मी गेली. मरळ होती. मागं पाण्यातनं तिचं काळं पाठाण वर आलं आणि आपटलं. कुंडलिकनं सवयीनं काठी डोक्यावर उचलायला उजवा हात घातला, हात छातीशीच अडला, आणि तो कळवळून खाली बसला. रीळ कर्र करत सुटलं.

दगडाबाईनं वल्ही टाकली आणि नवऱ्याच्या अंगावरनं पुढं येऊन काठी धरली. तिचे दोन्ही हात चांगले. पण वल्ही सोडल्यावर होडी थांबली. दोरी ढिली पडली. पाण्याखाली तिन्ही जावा एकमेकींकडं जायला लागल्या.

"वल्हं मारा!" ती ओरडली.

"गुरु, मार वल्हं!" कुंडलिक ओरडला.

गुरुनं वल्ही धरली आणि उलटी मारली. होडी दोरीवर जायला लागली. मागावरचा माणूस तो, पाण्याशी त्याचा संबंध दहावीतच संपला होता. बसप्पानं दोन्ही पाय फळीवर घेतले आणि डोळे मिटले.

"आवं, तुमी! तुमी मारा की! बगत काय बसलायसा?"

कुंडलिकनं पोराला बाजूला लोटलं, बसला, आणि दोन्ही वल्ही दोन्ही हातांनी धरली. विचार करायला वेळ असता तर त्यानं उजवा हात लावला नसता. वल्हं पोटापाशी धरायचं असतं, पुढं न्यायचं, मागं ओढायचं. छातीच्या वर हात न्यायचं काम त्यात कुठं असतं? पाच-सहा हात मारल्यावर त्याच्या ध्यानात आलं की मेलेला हात ओढतोय. दोरी ताठ झाली तशी त्यानं वेग थोडा कमी केला, मरळ उजवीकडं पळाली तशी होडी लांबून उजवीकडं घेतली, ती गवतात शिरायला बघत होती तिथनं तिला अलगद बाहेर काढली. चाळीस वर्षं पाणी बघितलेला माणूस. दगडाबाईला फक्त रीळ फिरवायचं राहिलं.

पहिली फिरकी शेंड्याला येऊन अडकली. तिथनं पुढं रीळ चालत नाही, दोरी हातानं ओढावी लागते. चिलापी मधल्या मधे सुटून गेली होती. दगडाबाईनं पदर हाताला गुंडाळला, दोरी ओढली, आणि मरळ होडीत आली. हातभर लांब, मनगटाहून जाड. ती फळीवर अशी आपटायला लागली की बसप्पा "शिवा शिवा" म्हणत होडीच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि होडी कलंडता कलंडता राहिली.

गुरु बापाच्या हातांकडं बघत होता.

"आबा, दुखत न्हाय?"

"न्हाय." कुंडलिकनं आणखी दोन हात मारले. "वल्ह्याला न्हाय दुखत."

"मग आजवर का न्हाय मारलं?"

उत्तर होतं, पण चुलतभावाला बैल म्हणणाऱ्या माणसाला ते तोंडानं सांगता येत नव्हतं. दगडाबाईला ते सगळं माहीत होतं. ती मरळीच्या तोंडातनं गळ काढण्यात गुंतल्यासारखी बसली.

"म्हंजी आता," गुरु म्हणाला, "वल्हं तुमी आन दोरी आई? गाव हसंल तुमाला. चालंल?"

कुंडलिकनं फुगवट्यावर नजर फिरवली. काठी बायकोच्या मांडीवर होती, तिनं ती काही परत पुढं केली नव्हती. त्यानंही मागितली नाही.

"गावाला दात हायत तवर हसू दे," तो म्हणाला.

"आन तुमी पाण्यात पडला तर?"

"पडलं तर दोरीला तीन गळ हायत," दगडाबाई म्हणाली. "येक तरी लागंल की."

गुरु हसला, आणि हसला म्हणूनच त्याचं भांडण तिथं संपलं. काठाला लागल्यावर त्यानं बसप्पाला बाजूला घेऊन सांगितलं. बसप्पाचं तोंड उतरलं, पण माणूस भला. "राहू दे की. दुसरी बगतो. पर मामा, पुढल्या साली इकायची झाली तर आधी मला सांगा बरं का."

"पुढल्या साली आमी मेलो तर घिऊन जा," दगडाबाई म्हणाली. "फुकट."

गुरुनं निघताना एकच केलं, दोघांसाठी पाण्यात तरंगायची नारिंगी जाकिटं पाठवतो म्हणाला, आणि पाठवलीही. कुंडलिकला ते जाकीट पोटावर बसत नाही, पण तो घालतो. दगडाबाई लुगड्यावरनं घालते आणि जाकिटाच्या खिशात तंबाखूची डबी ठेवते.

गाव हसलं. ठरल्याप्रमाणं पंधरा दिवस हसलं, मग दुसरं काही मिळाल्यावर तिकडं गेलं. आता सकाळी होडी काठाला लागते तेव्हा पहिल्यासारखीच चौकशी होते. अंबुबाई धुणं थांबवून विचारते, "काय दाजी, आज किती मारलं?"

कुंडलिक वल्ही आत घेतो, पाय पाण्यात सोडतो, होडी ओढून धरतो.

"तिला इचार," तो म्हणतो. "मी डायवर हाय."